पहिला घास कोणी खायचा

माझ्या नातीच्या जपानातल्या म्हातारीइतकी संशयी बाई साऱ्या पृथ्वीवर दुसरी सापडणार नाही, असं मी बरेच दिवस चारचौघींत ठासून सांगत होते. ते चुकीचं निघालं. तिच्याहून संशयी बाई पृथ्वीवर होती, आणि ती खर्डीजवळच्या आमच्या गावात पाण्याच्या टाकीखाली मोबाइल धरून बसलेली होती. टाकीखाली एवढ्यासाठी, की गावात रेंज तिथेच येते.

तेव्हा आधी माझा मूर्खपणा सांगते, म्हणजे म्हातारीवर अन्याय व्हायला नको. माझी नात स्नेहल नर्सिंग शिकली. पुढे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याच्या कामासाठी जपानला जायचं तिने मनावर घेतलं. पण तिथे आधी वर्षभर त्यांची भाषा शिकावी लागते. शाळेचा नियम असा, की सुरुवातीला एखाद्या घरात राहायचं, घरच्यासारखं. त्या घराशी जमलं तर वर्ग पुढे चालू, मग परीक्षा, नोकरी. नाही जमलं तर शाळा दुसरं घर बघणार, आणि ते मिळालं नाही तर परतीचं विमान. पोरीचं सगळं पुढलं आयुष्य त्या एका घराच्या उंबऱ्यावर ठेवलेलं. आणि निघायच्या दिवशी मी काय केलं, तर तिला कुशीत घेतलं आणि कानात सांगितलं, “पुढ्यात काय बी येऊ दे, पहिला घास त्यांना खाऊ दे. त्यांना काय झालं नाय, की मग तू हात लाव.”

हा उपदेश माझा नव्हे, माझ्या आईचा. धसईहून माझी पाठवणी झाली तेव्हा तिने माझ्या कानात हाच मंत्र फुंकला होता, आणि मी तो इमानाने पाळला. सासरी सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मी दाराआड बसून एकेकाचं तोंड निरखायची. कोण पिवळं पडतंय, कोणाच्या पोटात मुरडा येतोय. एकदा सासूबाईंना उचकी लागली तर मी माझं ताट हळूच मांजरापुढे सरकवलं, आणि आता मांजराला काय होतंय ते बघत बसले. मांजर सगळं चाटूनपुसून चुलीपाशी झोपलं, मी रात्रभर उपाशी. गंमत अशी, की आमच्याकडे सुनेने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, त्यामुळे माझा संशय कोणाच्या ध्यानातच आला नाही. उलट मुरबाडपासून शहापूरपर्यंतच्या पाहुण्यारावळ्यांत माझं कौतुक, काय वळणाची सून मिळाली म्हणून. एवढ्या वर्षांत हा उपदेश एकदाही फसला नाही, मग तो समुद्रापलीकडे फसेल असं मला का वाटावं?

आता म्हातारीकडे येते. माझ्याच वयाची, एकटी, नवरा वारलेला. डोंगराजवळच्या लहान शहरात तिचं लाकडी घर. बाई काटकीसारखी, पण नजर अशी, की समोरच्याने खिशात हात घातला तरी तिला हिशेब हवा. स्नेहल तिला ओकासान म्हणे, म्हणजे आई. मी तिला ‘तिकडची’ म्हणे. आमच्या दुपारच्या चहाच्या वेळी तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होते. त्यामुळे मी टाकीखाली बशीतला चहा फुंकत तिचं स्वयंपाकघर रोज बघायची, आणि माझ्या खांद्यावरून माझी धाकटी जाऊ आणि रेंजसाठी जमलेल्या बाया बघायच्या. जावेला दिसत कमी, पण संशय घ्यायला तिला दिसावं लागत नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला दिसलं ते असं. तिकडची स्वयंपाकघरातून निघताना गॅससमोर ताठ उभी राहिली, हात लांब करून त्याच्यावर बोट रोखलं आणि पुरुषी आवाजात काहीतरी ओरडली. मग दिव्याच्या बटणावर बोट, तोच शब्द. मग खिडकीच्या कडीवर, मग दारावर. जावेने पदर तोंडाला लावला. “मंतर हाय गो,” ती म्हणाली. आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. मंत्र, तंत्र, भूत, करणी यातलं काही मानायचं नाही, हे मी माझ्या पोरांना आणि पोरांच्या पोरांना शिकवलं. पण ते खर्डीत. जपानात पोर एकटी असताना मी थोडा वेळ सगळं मानायला तयार झाले. स्नेहलला विचारलं तर ती म्हणाली, तिचा नवरा रेल्वेत होता. तिथले रेल्वेवाले प्रत्येक सिग्नलवर असं बोट दाखवून ‘योश्शी’ म्हणतात, म्हणजे ठीक आहे. तो घरीही तसंच करायचा, आणि तो गेल्यावर ही करते. आमचे हे रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते. रिटायर झाल्यावरही गाडीचा आवाज आला की ताटावरून उठून ओट्यावर जाऊन उभे राहायचे, हातात झेंडी नसली तरी. हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. पण संशय चढला की माणसाला उपयोगाचं काही आठवत नाही.

दुसरी गोष्ट चपलांची. स्नेहल दारात चपला काढायची आणि आत जायची, की तिकडची मागून येऊन त्या उचलायची आणि तोंडं रस्त्याकडे करून नीट जोडून ठेवायची. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आपल्या घरी कोणी असं केलं तर त्याचा काय अर्थ होतो? पाहुण्याला घालवायचाय. तिकडे म्हणे तो मान असतो, जाताना पाहुण्याला वळायचे कष्ट नकोत म्हणून. मी म्हटलं, बरा मान, आल्या दिवसापासून जायची तयारी.

आंघोळीचं तर विचारू नका. आमच्या तालुक्यात एवढी मोठाली धरणं, पण उन्हाळ्यात आम्ही टँकरच्या पाण्यावर. स्नेहल दोन तांब्यांत आंघोळ उरकणारी पोर. तिकडच्या न्हाणीघरात गळ्यापर्यंत बुडून बसायची गरम पाण्याची टाकी भरून ठेवलेली. पोरीला एवढ्या पाण्यात पाय घालायचा धीर होईना, ती टाकीबाहेरच दोन तांबे अंगावर घेऊन निघाली. तिकडची दाराशी कान लावून उभी. आवाज नाही, उशीर नाही, म्हणजे ही मुलगी आंघोळ करत नाही असा तिचा ठाम ग्रह झाला, आणि तिने पोरीचा टॉवेल चाचपून बघितला. इकडे मी विचारत होते, परक्या पोरीच्या न्हाणीघराला कान लावणारी ही बाई कोण? तिकडे ती विचारत असणार, पाण्याला भिणारी ही पोर कोणाची? दोघी आपापल्या जागी बरोबर होतो आणि दोघी मूर्ख.

पण खरा घोटाळा जेवणाचा. तिकडची पहिला वाटीभर भात कपाटातल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवी. मग स्नेहलला वाढी, मग स्वतःला. दोघी हात जोडत. आणि मग काहीच होत नसे. कारण, हे आम्हाला मागाहून कळलं, तिकडे पाहुण्याने पहिला घास घ्यायचा, त्याआधी घरच्यांनी खाणं शोभत नाही. आणि आमच्या पाहुण्याला आजीने सांगितलेलं, घरच्यांनी खाल्ल्याशिवाय हात लावायचा नाही. स्नेहल शिकलेली आहे, पण परक्या घरात पहिल्या दिवसांत माणूस शिकलेलं विसरतं आणि आजीने सांगितलेलं तेवढं लक्षात ठेवतं. शिवाय तिलाही वाटे, वयाने मोठ्या माणसाआधी कसं जेवायचं? दोघी एकमेकींकडे बघत बसत. सार निवे. तिकडची उठून ते गरम करून आणी, पुन्हा दोघी बसत, पुन्हा निवे. शेवटी पोर ओशाळून पोट भरलं असं हातानेच सांगे, आणि तिकडची वाट्या उचली.

दुसऱ्या दिवशी स्नेहलने मला हळू आवाजात विचारलं, “आजी, फोटोनं आधी खाल्लेलं धरायचं का गो?” मी यावर गंभीरपणे विचार केला. हसू नका. आणि निकाल दिला, “फोटोला काय व्हायचंय? जित्या माणसानं खाल्लं पायजे.”

तिकडची रोज नवं काहीतरी करी. एक दिवस मासा, एक दिवस अंडं, एक दिवस तर इंडियाची पोर म्हणून पिवळी कढी. मी जावेला म्हणाले, रोज पदार्थ बदलते म्हणजे बघ, काहीतरी लपवायचं असणार. पोर दुपारी शाळेत मिळेल ते खाई, आणि संध्याकाळी खोलीत जाऊन मी दिलेल्या चिवड्याची पिशवी उघडी. फोनवर तिचे गाल आत गेलेले दिसायला लागले. मला ते दिसत होतं. आणि आता एवढं सांगतेच आहे तर हेही सांगते, मला त्याचं पुरतं वाईट वाटत नव्हतं. पोर कंटाळून परत येईल, पुन्हा ओट्यावर बसून माझ्या डोक्याला तेल लावेल, असं चित्र मी मनात रंगवत होते. संशयाच्या तळाशी हे होतं. म्हातारीने काही घातलं असेल याची भीती थोडी, आणि काही घातलेलं नसेल याची जास्त.

तिकडच्या लोकांत कचरा वेगवेगळा करायची मोठी शिस्त. तिकडची स्नेहलच्या खोलीतला कचरा स्वतः तपासून वेगळा करी, याचाही मला राग होताच. त्या कचऱ्यात तिला चिवड्याची रिकामी पिशवी सापडली.

त्या दिवशी फोन लागला तेव्हा स्नेहल मान खाली घालून बसलेली. शेजारी तिकडची, ॲप्रन काढून, चांगला स्वेटर घालून, पाठ ताठ. पुढ्यात चार घड्या घातलेली चिवड्याची पिशवी. पोलीस पाटलापुढे मुद्देमाल ठेवावा तशी. ती बराच वेळ बोलली, आवाज न चढवता. मग स्नेहलने सांगितलं, “आजी, त्या इचारतायत, त्यांच्या हातच्या जेवणात काय खोट हाय. म्हणतायत, मुलगी माझ्या घरात उपाशी राहते, मला बघवत नाय. उद्या शाळेत सांगनार हायत, हिला दुसरं घर बघा.” आणि मग माझ्याकडे न बघता, “दुसरं घर नाय मिळालं तर मला परत यावं लागंल.”

मी नुसतं गप्प राहिले असते तरी काम झालं असतं. पोर परत आली असती आणि दोष सगळा जपानचा. पण मला तिचं मनगट दिसलं. शहापूरला नर्सिंगची परीक्षा पास झाली तेव्हा घेतलेलं घड्याळ त्या मनगटावरून घसरून खाली आलं होतं. मी म्हणाले, “तिला सांग, खोट तुझ्या जेवणात नाय, माझ्यात हाय. मीच सांगितलं होतं हिला, तू खाल्ल्याबिगर खाऊ नको म्हणून.”

“आजी, हे कसं सांगू?”

“जसं हाय तसं सांग. मांजराचं बी सांग.”

पोरीने सांगितलं. थोडं जपानीत, थोडं मोबाइलमधल्या भाषांतराने आणि बरंचसं हातवारे करून. दाराआडची सून झाली, उचकी झाली, मांजर झालं. तिकडचीचा चेहरा हलला नाही. ती उठली आणि निघून गेली. पडद्यावर राहिली स्नेहलशेजारची तिची बसायची रिकामी उशी आणि मागे तिच्या नवऱ्याचा फोटो. जाऊ म्हणाली, संपलं. मलाही तेच वाटलं, आणि इतके दिवस जे हवं होतं ते समोर आल्यावर मला ते नकोसं झालं.

ती परत आली ती भाताची वाटी घेऊन. ती वाटी तिने मोबाइलपुढे धरली, हात लांब करून तिच्यावर बोट रोखलं आणि त्याच पुरुषी आवाजात म्हणाली, “योश्शी!” मग एक घास घेतला. सावकाश चावला. गिळला. मग दवाखान्यात उघडतात तसं तोंड उघडून मला आतून दाखवलं. आणि वाटी स्नेहलपुढे सरकवली. पोर जी जेवायला लागली ती मान वर करेना. तिकडची मात्र मध्येच तोंडावर हात ठेवून खांदे हलवायला लागली. मला वाटलं रडते. ती मांजराला हसत होती.

त्यानंतर शाळेला फोन झाला नाही. रोज आमच्या चहाच्या वेळी मात्र तो सोहळा होई. आधी मोबाइलकडे बघून वाटीवर बोट, मग योश्शी, मग घास, आणि टाकीखालून आमच्या बाया एकसुरात योश्शी म्हणत. जाऊ तर आता रात्री कडी लावतानाही म्हणते.

स्नेहल परीक्षा पास झाली. आता दुसऱ्या गावी म्हाताऱ्यांच्या घरात काम करते, राहायला होस्टेल आहे. त्या घरातून ती निघाली तेव्हा मी फोनवर होते. तिकडचीने नेहमीसारख्या तिच्या चपला उचलल्या, तोंडं रस्त्याकडे केली, आणि मग उठलीच नाही. तिथेच चपलांपाशी उकिडवी बसून राहिली, बराच वेळ, नुसती त्यांच्यावर हात फिरवत. माझ्याकडे पासपोर्ट नाही, गुडघे तर त्याहून नाहीत. तोंडातून आलं ते एवढंच, की माझ्या पोरीला जेवू घातलंत, आता तुमच्या पुढ्यात कोण बसणार?

स्नेहलने तिला ते सांगितलं. तिने डोळे पुसले, मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, अगदी जवळ धरला, आणि जे बोलली ते स्नेहलने मला जसंच्या तसं सांगितलं.

“तुम्ही जेवायला या. पहिला घास मी खाईन, तुम्ही नुसतं बघा.”