हरणाचा दिवा आणि उरलेला डबा

ती घटना डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. जळगावातल्या एका घरातून शोभेचा टेबल लॅम्प चोरीला गेला होता, एवढंच. पण पुढच्या सगळ्या नोकरीत मढी पाहिली, दंगली पाहिल्या, तरी त्या दिव्याने दिला तसा धक्का कशानेच दिला नाही. का, ते सांगतो. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांची आहेत त्यांना ती कळतील.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी फौजदार म्हणून नवा होतो. कॉलेजात असताना धुळ्याच्या भिंतींवर अन्यायाविरुद्धची पत्रकं चिकटवत हिंडायचो. खाकी चढवली तरी ती सडेतोड जीभ तशीच राहिली, आजही तशीच आहे. वरिष्ठांना ती आवडायची नाही.

एके सकाळी ठाण्यात आलो तर चिंचेखालच्या बाकावर एक बाई बसलेली. चाळिशीची, नऊवारी, हातात पिशवीही नाही. ठाणे अंमलदाराला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, वकीलसाहेबांच्या घरची कामवाली, त्यांच्या मुलानेच गाडीत घालून आणून सोडली, दिवा हिनेच नेलाय म्हणतात. फिर्याद? अजून लिहायची आहे. म्हणजे फिर्याद नाही, गुन्हा नाही, आणि बाई बाकावर. बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हे कायद्यात लिहिलेलं आहे. पण कायदा वकिलाच्या घरालाच लागू नसेल तर बोलणार कोण? मी बोललो. ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत ऐकू जाईल इतकं बोललो.

प्रकरण असं होतं. शहरातले एक नामांकित वकील आठवड्यापूर्वी वारले होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर एक दिवा असायचा. चिनी मातीचं काळं हरीण, मान मागे वळवलेली, पाठीतून निघालेला पितळी दांडा आणि वर चुण्यांची पिवळसर शेड. वकिली सुरू केली तेव्हा, म्हणजे एकोणीसशे पन्नासच्या सुमारास, त्यांनी तो मुंबईहून आणलेला. रात्रंदिवस त्याच उजेडात त्यांनी कागद वाचले. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या काकूंनी, म्हणजे वकिलांच्या पत्नीने, यजमानांच्या फोटोशेजारी लावायला तो मागितला. टेबल रिकामं होतं.

संशय कुणावर, असं मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, अक्कावर. बाईला त्या घरात अक्का म्हणत. का? तर ती त्या दिवशी घरात होती. बाकी कोण होतं? तो जरा वैतागला. म्हणाला, "अहो, मरणाचं घर होतं. शेकडो माणसं आली. सगळी चांगल्या घरची. भेटायला आलेल्या मोठ्या लोकांनीसुद्धा सांगितलं, आधी कामवालीला विचारा म्हणून."

हे शेवटचं वाक्य नीट ध्यानात ठेवा.

अक्काला मी रिक्षाने घरी पाठवलं आणि दुपारी हवालदाराला घेऊन तिच्याकडे गेलो. हवालदार निवृत्तीला आलेला, सगळं ठाणं त्याला नाना म्हणायचं. निघताना अक्काने एकच गोष्ट सांगितली होती. "साहेब, मना घरमा ईसन बठ्ठं दखी ल्या. पन गाडी गल्लीमा नका आना." घर सगळं बघा, पण गल्लीत गाडी नको, एवढंच तिचं म्हणणं. म्हणून जीप नाक्यावर ठेवून आम्ही चालत गेलो. बौद्ध वस्तीतलं दोन खोल्यांचं स्वच्छ घर. झडती घेतली. काही निघालं नाही, निघणारही नव्हतं.

तिथे कळलं की प्रकरण दिव्यापुरतं नाही. धरणगावच्या सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून तिची निवड झाली होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची भांडी घासल्यावर पगाराची, पेन्शनीची नोकरी. नेमणुकीचा आदेश निघायचा तेवढा बाकी होता, आणि त्यासाठी लागणारी चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात पडलेली. फिर्यादीत तिचं नाव आलं की पडताळणीवर शेरा पडणार, आणि तो शेरा पडला की नोकरी गेली. कोर्टातून दहा वर्षांनी निर्दोष सुटून काय उपयोग?

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. वकिलाचं घर आहे, बार असोसिएशनचे फोन येतायत, बाईचं नाव टाका आणि मोकळे व्हा. मी अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा नोंदवला. साहेब संतापले. म्हणाले, उत्तरकार्य होईपर्यंत मुदत देतो, तोवर दुसरा माणूस उभा केला नाहीस तर मी स्वतः तिचं नाव टाकतो.

पंचनाम्याला वकिलांच्या घरी गेलो. पंचांसमोर खोली मोजली, टेबल पाहिलं, खिडक्या पाहिल्या. कुठे जबरदस्तीची खूण नाही. निघताना काकूंनी आतून हाक मारली. त्यांना दिव्याबद्दल बोलायचं नव्हतं. त्यांच्या हातात स्टीलचा एक उभा डबा होता.

आमच्याकडची रीत वाचकांना ठाऊक आहेच. मरणाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, सोयरे पिठलं-भाकरी, खिचडी डब्यात घालून आणतात. डबे आत रिकामे होतात आणि धुऊन ज्याचे त्याला परत जातात. हा एक डबा उरला होता. दुःखाच्या घरचं भांडं आपल्याकडे राहू नये, म्हणून काकूंचा जीव अडकलेला. सगळ्या सोयऱ्यांकडे विचारून झालं, कुणी ओळख देईना. डब्यावर मशीनने नाव घातलेलं होतं, लग्नातल्या भेटीचं, पण ते आडनाव त्यांच्या ओळखीत कुठेच नव्हतं. गाव धुळे.

"भाऊ, तुम्ही पोलीस. तेवढा ज्याचा त्याला पोचता करा ना," काकू म्हणाल्या.

मी डबा घेतला. बाहेर आल्यावर नाना म्हणाला, "साहेब, आता आपन डबे वाटत फिरायचं का? पुढच्या मयतीला मला बी लोनच्याची बरनी द्या."

हसलो. पण जीपमध्ये बसल्यावर डबा मांडीवर ठेवून विचार करत राहिलो. माणूस डबा घेऊन येतो. पिशवीत घालून आणतो. जाताना पिशवी परत नेतो आणि डबा विसरतो? डबा विसरत नाही माणूस. पिशवीत जागा नसेल तर सोडून जातो.

आणि दुसरी रीत आठवली. मरणाच्या घरून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. घरचे 'या' म्हणत नाहीत, दारापर्यंत पोचवायला उठत नाहीत. माणूस गुपचूप उठतो, चपला शोधतो आणि जातो. त्याच्याकडे मान वर करून पाहणं बरं दिसत नाही. पिशवी भरलेली आहे की रिकामी, कोण बघतं? असं दुसरं कुठलं घर आहे सांगा, की जिथे अनोळखी माणूस उघड्या दाराने आत येतो, तासभर बसतो, आणि त्याला नाव विचारणं असभ्यपणाचं ठरतं?

दुसऱ्या दिवशी एसटीने धुळं गाठलं. तिथल्या ठाण्याला वर्दी दिली आणि त्यांचा एक शिपाई सोबत घेऊन डब्यावरच्या नावाचं घर शोधलं. आग्रा रोडजवळ सरकी-पेंडीच्या व्यापाऱ्याचं घर. दार उघडलं त्या घरच्या थोरल्या सुनेने. डबा पाहिला आणि तिचा चेहराच बदलला.

"हा आमचा शे. सासरे वारले तव्हा हरवला होता. त्याच्या बदल्यात दुसराच राहिला माझ्याकडे. अगदी जोडीचा, एकाच कंपनीचा. धुताना अदलाबदल झाली, बदलून आणायचं राहूनच गेलं."

सासरे दोन महिन्यांपूर्वी गेले होते. मी विचारलं, त्या वेळी घरातून काही गेलं का? तिने मागे आतल्या दाराकडे पाहिलं. मग दबक्या आवाजात बोलली. सासऱ्यांच्या खोलीत एक टेबल लॅम्प होता, जुन्या काळचा, निळ्या काचेचा फुगीर बुडखा आणि सोनेरी कडेची शेड. तो जावेने नेला असं तिला वाटत होतं. जावेला वाटत होतं हिने लपवला. दोघी जावा तेव्हापासून बोलत नव्हत्या, आणि भावांनी वेगळं निघायची भाषा सुरू केली होती. पोलिसांत कुणी गेलं नाही. घरातल्या घरात चोर ठरला होता, मग पोलिसांचं काय काम?

"तो दुसरा डबा दाखवा," मी म्हटलं.

तिने फडताळातून काढला. मी नाव वाचलं. सोबतच्या शिपायाने वाचलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

धुळ्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांचं नाव होतं ते. गावात कुणी गेलं की शोकसभेत पहिलं भाषण त्यांचं. मी कॉलेजात असताना आमच्या पत्रकांवर खूश होऊन त्यांनी मला घरी चहाला बोलावलं होतं. त्यांना जुन्या टेबल लॅम्पचा नाद आहे, हे सगळ्या धुळ्याला माहीत होतं. सगळे कौतुकच करायचे. एवढा विद्वान माणूस आणि कसला निरुपद्रवी छंद, असं म्हणायचे.

डबा हातात होता. तरीही वाटत होतं, चूक असेल.

स्थानिक ठाण्याचे अधिकारी आणि पंच घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला ओळखलं. आनंदाने आत नेलं. "बघ, तुला दाखवायचंच होतं," म्हणून मागच्या खोलीचं दार स्वतःच उघडलं आणि भर दुपारी एकेक बटण दाबत गेले. पितळी देठाची कमळं, नाचणारी बाई, लाकडी जहाज, रंगीत मण्यांच्या झालरी. सगळी खोली पिवळ्या, निळ्या उजेडाने भरली. सुंदर होतं ते सगळं, खोटं कशाला सांगू. कोणता दिवा कोणत्या साली कुठून आला, वायरीवरचं रेशमी वेष्टण मूळचं की बदललेलं, सगळं ते सांगत होते. कोपऱ्यात मान मागे वळवून काळं हरीण उभं होतं.

मी दोन्ही डबे टेबलावर ठेवले. त्यांना कळेना. रेशमी वायरीचं वय ओळखणाऱ्या या माणसाने घरातल्या डब्यावरचं नाव कधी वाचलंच नव्हतं. डबा बायकांनी भरायचा, बायकांनी धुवायचा. व्यापाऱ्याच्या घरून भलताच डबा हाती आला, तोच दोन महिने यांच्या घरात वापरला गेला, तोच पिशवीत घालून हे जळगावला गेले. पिशवीत हरीण बसवायला डबा तिथेच सोडावा लागला. एक साधा डबा, त्याने काय होतंय!

ते खुर्चीत बसले. मग जबाब सुरू झाला. मारझोड लागली नाही, आवाजही चढवावा लागला नाही. ते वर्गात शिकवावं तसं बोलत होते. म्हणाले, म्हातारा माणूस गेला की त्याच्या खोलीतल्या वस्तू पोरं भंगारात काढतात, म्हणून मी त्या वाचवतो. पहिल्याच दिवसांत गेलं नाही तर वस्तू हातची जाते. आणि मी त्यांच्या दुःखात मनापासून सामील होतो, ते ढोंग नव्हे.

मी विचारलं, "अक्का नावाच्या बाईवर आळ आला, हे तुम्हाला माहीत होतं?"

"ऐकलं होतं. मी परत भेटायला गेलो होतो ना, तेव्हा."

"मग?"

"मग काय? तिला दुसरी घरं मिळतील."

"कामवालीला आधी विचारा, असं त्या घरी सांगणारे मोठे लोक कोण?"

त्यांनी चष्मा पुसला. "मीच म्हणालो असेन. पण मी म्हटलं नसतं तर दुसऱ्या कुणी म्हटलं असतं. तुला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत हजारो जबाब लिहिले. पाठ राहिलं ते हे एकच वाक्य. कारण तो चोर त्या क्षणी खरं बोलत होता. कुणीही तेच म्हटलं असतं. वकिलाच्या मुलाने ऐकलं, ठाण्याने ऐकलं, साहेबांनी ऐकलं. त्यांना आडनाव आणि वस्ती पुरेशी होती. हा माणूस समतेवर व्याख्यानं द्यायचा! आपल्या समाजाची ही नस त्याला नेमकी ठाऊक होती आणि त्याने ती बरोबर वापरली.

त्यांना अटक झाली, जामीन झाला. खोलीतले बरेच दिवे दुःखाच्या घरांतूनच आले होते. जळगाव, धुळे, चोपडा, ज्या ज्या घरी आम्ही विचारायला गेलो तिथे एकच प्रकार. तक्रार कुठेच नाही, पण दोष कुणावर तरी ठेवलेला. कुठे सुनेवर, कुठे गड्यावर, कुठे विधवा बहिणीवर. उघड्या दाराने येऊन गेलेल्या माणसाचं नाव एकाही तोंडून निघालं नाही.

अक्काची पडताळणी मी त्याच दिवशी पुरी केली. 'काही आक्षेपार्ह नाही.' साहेबांनी मान खाली घालून सही केली.

पुढे कोर्टाच्या हुकमाने मुद्देमाल परत द्यायचा होता. वकिलांचा मुलगा दिवा न्यायला ठाण्यात आला, तेव्हा योगायोगाने अक्का पडताळणीची प्रत न्यायला आलेली. त्याने तिला पाहिलं, जरा अवघडला, आणि म्हणाला, "अक्का, झालं गेलं. उद्यापासून ये कामाला. आई आठवण काढते."

अक्काने प्रत नीट घडी करून पदराखाली धरली. आवाज चढवला नाही.

"दादा, माले धरनगावले नोकरी लागनी. पन एक सांग. त्या दिवशी तुमना घर इतला लोके उनात. बठ्ठासमा मनंच नाव कसं याद ऱ्हायनं?"

मुलाने हरीण उचललं. नाना डायरीत डोकं घालून बसला, मीही खिडकीबाहेर पाहिलं. एवढ्या लोकांत तिचंच नाव कसं लक्षात राहिलं, हा प्रश्न एकट्या त्याला नव्हता.

तेव्हापासून घरातली चोरी आली की कामवाली, गडी, माळी यांची नावं घरचे सांगू लागायच्या आत मी हात वर करायचो. म्हणायचो, ही नावं तुम्हाला पाठच आहेत, आधी पुढच्या दाराने कोण आलं ते आठवा. माणसं रागवायची. रागवू द्यात.

आणि अजूनही कुणाच्या मयतीला भेटायला गेलो की निघताना 'येतो' म्हणत नाही. रीत ती रीत. पण पिशवी कधी नेत नाही, आणि दाराशी जो कोणी बसलेला असेल त्याच्याजवळ वाकून माझं पूर्ण नाव सांगतो, मगच चपला घालतो.