चौथी पणती

आमच्या कंपनीत सरळ अशी एकच गोष्ट आहे, सगुणावहिनीचा हात. बाकी आम्ही सगळे कमीजास्त वाकडे. टाक्यांवरचे आकडे, जमिनीवरचे पिवळे पट्टे, गेटवरच्या पाट्या, सगळं तिच्या हातचं. दोरी न धरता ती वीस फुटांची रेघ ओढते आणि वर मलाच विचारते, "निलेशभाऊ, वाकडी नाय ना गेली?" गेलेली नसते हे तिला माझ्याआधी ठाऊक असतं. तरी विचारते, कारण मी स्टोअरमधून रंगाचा डबा देताना नेहमी कटकट करतो.

तो हात पेणजवळच्या जोह्यात घडला. वहिनीचं माहेर तिथलं. आठव्या वर्षी ती आत्याच्या गणपतीच्या कारखान्यात बसली. आधी नुसते ब्रश धुतले, मग पितांबर रंगवलं आणि सोळाव्या वर्षी आत्यानं तिच्या हातात आखणी दिली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. आत्याचे दोन नियम होते. आखणी सगळ्यात शेवटी, तोवर ती माती, तिला कुणी हात जोडायचे नाहीत. आणि एकानं धरलेली आखणी दुसऱ्यानं पुरी करायची नाही, नाहीतर देवाचा एक डोळा पेणकडे बघेल आणि दुसरा पनवेलकडे.

लग्न होऊन ती आमच्या कासूत आली. नवरा जनू, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. मिठागरं बसत गेली तसा जनू रोह्याला, मी आहे त्याच कंपनीत, ठेकेदार हैबतरावांकडे हेल्पर म्हणून लागला. आम्ही एकाच गाडीनं जायचो, एकाच डब्यातली सुकट खायचो. गेटवर मात्र त्याची रांग वेगळी आणि माझी वेगळी, कारण मी कायम होतो आणि तो कंत्राटी.

एका नऊ डिसेंबरला दोन नंबरच्या प्लँटला आग लागली. चार माणसं गेली. तिघं कायम, चौथा जनू.

पुढच्या वर्षीपासून कंपनी त्या तारखेला स्मृतिदिन पाळू लागली. गेटजवळ फलक उभा राहिला, त्यावर तीन नावं. छातीवर लावायला पितळी बिल्ला, त्यावर तीन पणत्या. त्या दिवशी बिल्ल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत, मग तो कायम असो की कंत्राटी. जनूच्या जागी हैबतरावांनी वहिनीला घेतलं होतं. पदरात किमया, चार वर्षांची पोर. वहिनीनं अकरा वर्षं तो तीन पणत्यांचा बिल्ला मुकाट्यानं लावला. मीही लावला, आणि मला त्याची लाज वाटते. का ते पुढे सांगतो.

गेल्या डिसेंबरात आगीला बारा वर्षं झाली. किमयाची दहावी झाली होती, मामानं तिला पुढं शिकवायला पेणला नेलं होतं. म्हणजे वहिनीची नोकरी गेली असती तरी पोरीचं अडणार नव्हतं. सहा तारखेला आमचे कामगार अधिकारी हितेश साहेब बिल्ले वाटत फिरत होते. वहिनी फलक नव्यानं रंगवत होती. तिनं बिल्ला घेतला, नीट पाहिला आणि परत दिला.

"सगुणाताई, हा सगळ्यांना लागतो. ठेकेदाराच्या करारातच लिहिलंय."

"मग फलकावर जनूचं नाव का नाय?"

"ते कंपनीच्या रजिस्टरवर नव्हते ना. ठेकेदाराचा माणूस."

"मी कोणाच्या रजिस्टरवर हाय, साहेब?"

हितेश साहेब वाईट माणूस नव्हे. वाईट असता तर लगेच काहीतरी बोलला असता. तो हातातले बिल्ले परत मोजू लागला.

"मेला तेव्हा तो ठेकेदाराचा, आन् बिल्ला लावायला मी कंपनीची," वहिनी म्हणाली. "असा कसा चालंल? काय तो एक ठरवा."

हैबतराव धावत आले. साहेबासमोर त्यांचा आवाज नेहमीच एक पट्टी वर जातो. "सगुणे, बिल्ला लाव. नायतर नऊ तारखेपासून तुला गेट बंद."

"करा बंद. पण फलक अर्धा हाय, तेवढा बघून ठेवा."

आम्ही सगळ्यांनी फलक बघितला. किनार झाली होती, तीन नावं झाली होती. तिसऱ्या नावाखाली एक ओळ कोरी. आणि तळाला पणत्या, तीन नाही, चार. एकीलाही ज्योत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेणहून जितेश नावाचा पेंटर बोलावला. त्यानं फलकासमोर उभं राहून बराच वेळ मान तिरकी केली. "हा जोह्याचा हात हाय. कोणाचा?" मी नाव सांगितलं. तसे त्यानं ब्रश परत पिशवीत टाकले. "सगुणाआत्याची धरलेली आखणी मी पुरी करू? मला जोह्यात ऱ्हायाचं हाय." चहासुद्धा न घेता तो गेला.

आठ तारखेला संध्याकाळी परतीच्या गाडीत वहिनी माझ्यासमोर बसली होती. उद्या नोकरी जाणार हे माहीत असलेलं माणूस इतकं शांत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. नागोठणं गेलं आणि माझ्यानं राहवेना.

"वहिनी, त्या दिवशी मी आत होतो. धुरात मला काय दिसत नव्हतं. जनूनं कॉलर धरून मला गेटपर्यंत आणला, बस इथं म्हणाला आणि परत आत गेला. चौकशीत मी सांगितलं, माझा मी चालत आलो. कायम होऊन मला तीन महिने झाले होते. हेल्परला आत कोणी जाऊ दिला असं विचारतील, त्यात मी सापडेन, अशी भीती वाटली."

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"तुमची आई बाराव्याला येऊन माझे पाय धरून गेली. माझा पोर तुझ्या जनूनं आणला म्हणाली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बारा वरसं वाट बघतेय, तुम्ही कधी बोलताव."

एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नऊ तारखेला सकाळी मी हितेश साहेबांच्या टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. जनूनं मला कसं बाहेर आणलं ते लिहून सही केलेला कागद आणि माझा बिल्ला. साहेबांनी कागद दोनदा वाचला. बाहेर गेटवर वहिनीमागे साठ-सत्तर कंत्राटी माणसं उभी होती, सगळ्यांचे बिल्ले मुठीत. आमचे कायमवाले ते बघत होते. मग कँटीनमध्ये माझ्याशी रोज भांडणारा विशाल पुढे झाला, त्यानं स्वतःचा बिल्ला काढला आणि त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून बाकीचे गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा गेटवर एकच रांग होती.

मालक दहाला आले. साहेब कागद घेऊन त्यांच्या गाडीत बसले. वीस मिनिटांनी उतरले ते थेट वहिनीपाशी.

"पूर्ण नाव काय लिहायचं?"

"जनू काळुराम म्हात्रे."

ती स्टुलावर चढली. नाव लिहिलं, इतर तिघांएवढ्याच अक्षरात, एक केसभर मोठं नाही. मग बारीक ब्रश घेऊन पणत्यांपाशी बसली. मालक हार घेऊन उभे होते. त्यांनी हात जोडले तशी वहिनी मागे न बघता म्हणाली, "थांबा, अजून माती हाय." मालकांनी हात खाली घेतले. हैबतरावांनीही घेतले, आणि हे बघायला जनू हवा होता.

पहिली ज्योत, दुसरी, तिसरी. चौथी तिनं एका दमात ओढली. मग उठून ती बाजूला झाली.

"आता जोडा."

दोनशे माणसांनी हात जोडले.

त्याच दुपारी साहेबांनी नवं पत्रक लावलं, कंत्राटी माणसाला बिल्ल्याची सक्ती नाही. ज्याला वाटेल त्यानं लावावा. तोवर सगळी कंत्राटी माणसं पिवळ्या रंगाच्या डब्यापाशी रांग लावून उभी होती. वहिनी एकेकाच्या बिल्ल्यावर तीन पणत्यांशेजारी चौथी काढत होती. हितेश साहेबही रांगेत होते.

मी सगळ्यात शेवटी गेलो. तिनं माझ्या बिल्ल्यावर पणती काढली, फुंकर घालून वाळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"कॉलर नीट करा आधी," म्हणाली, आणि बिल्ला स्वतःच्या हातानं मला लावला.