सैल हात
दीपमालाची कुयरी काढता काढता कागद पुन्हा टोकाशी फाटला. ब्लाउजवर आरीचं भरतकाम करणाऱ्या विजयमालाताईंनी तो उजेडात धरला.

"पेन्सिल कोयत्यावानी काहून आवळतीस? सैल धर. मनगट न्हाई, कागद फिरव."

ताईंनी हाताखाली कामाला घेतलं, तर यंदा ऊसतोडीला जायची गरज नव्हती. दीपमाला उन्हाळाभर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कुयऱ्या काढत राहिली. भाकरी थापताना परातीतल्या पिठावरही बोटानं गिरवायची आणि सासूची बोलणी खायची. पोळ्याच्या सुमाराला रेघ वळायला लागली.

दसऱ्याला ताई म्हणाल्या, "आता हात सुटलाय. अजून दोन महिने गिरव, मग कापड देते."

घरी नवरा, प्रविण, पत्र्याची पेटी बांधत होता. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता मोजतात.

"तू न्हाई आलीस तर मी अर्धा कोयता," तो म्हणाला. "मुकादम अर्ध्याला नेतो व्हय?"

दोन महिने ऊस तोडल्यावर हाताचं पुन्हा लाकूड होणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती ट्रकमध्ये चढली.

"दांडी घट्ट धर," प्रविण म्हणाला.

तिनं धरली.