उस्तादांची लाल आणि निळी

गाडीत पेशंट असला की उस्ताद बोलायचे, आणि पेशंट उतरला की गप्प व्हायचे. बाकीच्या ड्रायव्हरांचं नेमकं उलट असायचं. हिवरखेडच्या बाजूला असलेल्या आमच्या सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका उस्ताद चालवत आणि मी तिथे सिस्टर होते. अकोल्याचा मोठा दवाखाना दीड-दोन तासांवर. मी मागे पेशंटजवळ सलाइन धरून बसायची. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक सरकती काच होती, ती उस्ताद कायम उघडी ठेवत. गाडी फाटकाबाहेर पडली की त्या काचेतून प्रश्न यायचा, "मंग बाई, या हप्त्यात लाल पाह्यली का निळी?"

लाल आणि निळी म्हणजे टीव्हीवरच्या दोन परदेशी कुस्त्या. दोन्ही आठवड्यातून एकदा लागत. एकीच्या आखाड्याचे दोर लाल, दुसरीचे निळे. पैलवान वेगळे, पट्टे वेगळे, आणि दोघींत चढाओढ. उस्ताद निळीचे. "लालमंदी निरी तोंडाची कुस्ती हाये," ते म्हणायचे. "अर्धा घंटा माइक घेऊन उभे राह्यतात, आमदारावानी. निळीत बेल वाजली का काम सुरू." कधीकधी एखादा पैलवान लालमधून निळीत जाई. त्याला उस्तादांचा शब्द होता, बदली. "बदली झाली त्याची. वरच्या सायबासंगं पटलं नसन."

मी तेव्हा तेवीस वर्षांची, अमरावतीहून नवी आलेली. पहिल्या खेपेला मला त्यांचा भयंकर राग आला. मागे एक माणूस तडफडतोय, त्याची बायको पायाशी बसून रडतेय, आणि हा माणूस कुस्ती सांगतोय. मी ओरडले तेव्हा ते आरशातून बघत म्हणाले, "बाई, तुमी मागून तुमचं काम करा. मी पुढून माह्यं करतो." ते माझ्याशी बोलतच नव्हते, हे कळायला मला दोन-तीन महिने लागले. पेशंटच्या कानावर काहीतरी पडत राहावं, त्यानं डोळे मिटू नयेत, म्हणून ते बोलत होते.

त्या वर्षांत कापसाचं काय झालं ते पेपरात येऊन गेलं आहे. आमच्याकडे त्यातलं जे यायचं ते स्ट्रेचरवर यायचं. "औषध घेतलं," एवढंच सोबतचे लोक सांगत. कोणतं, कशासाठी, यातलं पहिलं आम्ही विचारायचो, दुसरं नाही. त्या काळात मी रडल्याचं मला आठवत नाही. डबा मात्र वेळेवर खायची, हे आठवतं.

शनिवारी दुपारची ड्यूटी नसली की उस्तादांच्या घरी जेवायला असायची. त्यांची बायको, शमीमभाभी, लालवाली. नवरा-बायकोत खरी कुस्ती तिथे चालायची. भाभींचं म्हणणं असं की लालमधली माणसं भांडणाचं कारण तरी सांगतात. "वजह नहीं मालूम तो मारपीट क्या देखना?" असं म्हणून त्या पोळी उलटत. उस्ताद म्हणायचे, "कारन आयकून काय करतं? हात मोडला का मोडला." भारनियमनाचं वेळापत्रक बदललं की कधी लालवर अंधार यायचा, कधी निळीवर, आणि ज्याची गेली त्याचं तोंड आठवडाभर उतरलेलं असायचं.

आमच्या कंपाउंडरने एकदा त्यांना छेडलं. "उस्ताद, सगळं खोटं असतं ते. आधी ठरलेलं असतं." उस्ताद गाडीची काच पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "तुमाले खरं पाहाचं असन तं चाला माह्यासंगं, मागं बसा."

वामन आमच्याकडे आला तो असाच, स्ट्रेचरवर. तेल्हाऱ्याकडचा, तिशीचा असेल. अकोट ओलांडल्यावर त्याची मान कलायला लागली. मी गालावर चापट्या मारत होते आणि उस्ताद काचेतून ओरडत होते, "ओ भाऊ! तू लालवाला का निळीवाला? सांग ना बे!" बऱ्याच वेळाने वामन पुटपुटला, "लाल."

"लाल?" उस्तादांनी असा आवाज काढला की मीच दचकले. "अरे, शरम नाई वाटत का? काय हाये तुह्या लालमंदी?" गांधीग्रामचा पूल गेला, अकोला आलं, तोवर ते वामनशी भांडत होते आणि वामन मधूनमधून "हाये, हाये" म्हणत होता. तो वाचला.

महिनाभराने तो पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन दवाखान्यात आला. उस्तादांनी त्याला बाकावर बसवलं आणि लालच्या पैलवानांची नावं विचारायला सुरुवात केली. वामन चुळबुळ करत राहिला. शेवटी म्हणाला, "उस्ताद, माह्या घरी टीव्हीच नाई. मी त्यातलं काईच नाई पाह्यलं. तुमी इचारू राहिले म्हून लाल म्हटलं." उस्ताद त्या दिवशी इतके हसले की ओपीडीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. मग त्यांनी त्याला घरी नेलं. पुढे दर शनिवारी वामन त्यांच्याकडे येऊन बसायचा आणि भाभींच्या बाजूने भांडायचा. त्याला खरोखरच लाल आवडायला लागली होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. दिवसभरातली ती आमची तिसरी खेप होती, दुपारी चारच्या सुमाराची. मागे एकोणीस वर्षांची मुलगी होती, सोबत तिचा मामा. शुद्धीत होती, माझा हात घट्ट धरून होती. उस्तादांचा आवाज सकाळपासून बोलून बसला होता. तरी त्यांनी विचारलं, "बेटा, तू लालवाली का निळीवाली?" मुलगी म्हणाली, "चाचा, गप्प बसा ना थोडं."

उस्ताद गप्प बसले.

थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "चाचा रागावले का?" मी "नाही" म्हटलं आणि तिची नाडी बघायला लागले. नाडी हाताला नीट लागत नव्हती. काच उघडीच होती. तिचा आवाज पुढे पोचण्याइतका नव्हता, माझा पोचला असता. पुलाच्या अलीकडेच ती गेली. तरी आम्ही गाडी अकोल्यापर्यंत नेली.

परत येताना मी पुढे बसले होते. तिचं वाक्य त्यांना सांगावं असं दोनदा वाटलं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीला दुसरी खेप होती.

त्यानंतर उस्ताद गाडीत बोलले नाहीत. काच त्यांनी सरकवून लावून घेतली. शनिवारी घरात टीव्ही चालायचा, भाभी आणि वामन बघायचे, आणि हे बाहेर ओट्यावर रुग्णवाहिकेचे आरसे काढून साफ करत बसायचे. वामनने एकदोनदा मुद्दाम निळीची निंदा करून पाहिली. उस्ताद "हो, बराबर हाये तुह्यं" म्हणाले. वर्षभरात ते रिटायर झाले आणि मुलीकडे अमरावतीला राहायला गेले. माझीही पुढे अमरावतीला बदली झाली.

तरी मी त्यांच्याकडे जायला पाच वर्षं लावली. गेले तेव्हा उस्ताद अंगणात खुर्ची टाकून बसले होते. दाढी पांढरी, अंगाने निम्मे. भाभींनी चहा केला. लाल आता बघत नाहीत का, विचारलं तर म्हणाल्या, "वो पुराने लोग नहीं रहे उसमें." वामनचं चांगलं चाललंय, दोन मुली आहेत, असंही त्यांनी सांगितलं. उस्ताद ऐकत होते. भाभी कप घेऊन आत गेल्यावर मी त्यांना त्या मुलीचं सांगितलं. तुम्ही गप्प बसल्यावर तिने काय विचारलं, ते जसंच्या तसं.

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली.

"तवाच सांगाचं होतं, बाई," ते म्हणाले. "म्या सांगितलं असतं तिले."

मी मान खाली घातली.

"मी रागावलो नोतो," ते म्हणाले. मग, मी तिथे नसल्यासारखं, पुन्हा एकदा, "नोतो रागावलो, बेटा."

आतून भाभींनी जेवून जा म्हणून हाक मारली. मी हो म्हटलं.