कुंकू लागलेल्या फ्लॉप्या

सौंसरजवळच्या एका सूतगिरणीत भगवंतराव कामडे टाइमकीपर होते. बावीस वर्षं त्यांनी मजुरांची हजेरी हातानं लिहिली. शहाऐंशी साली मालकानं नागपूरहून कॉम्प्युटर आणला, जुनी रजिस्टरं रद्दीत घातली आणि पन्नाशीतल्या या माणसाला पंधरा दिवस शिकवून मशीनसमोर बसवलं. भगवंतराव डगमगले नाहीत. आपल्या हातून कधी काही हरवलं नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता.

शिकवणाऱ्यानं एकच गोष्ट बजावली होती. मशीन कधीही दगा देईल, म्हणून दर शनिवारी सगळ्या हजेरीची नक्कल फ्लॉप्यांवर घ्यायची. फ्लॉप्यांचे संच दोन. एक ऑफिसच्या कपाटात, एक घरी. आग लागली तरी एक वाचेल. भगवंतरावांनी हे इतकं मनावर घेतलं की घरच्या संचाला ते बायकोलाही हात लावू देत नसत.

मग पुढल्या वर्षीची खंडेनवमी आली. गिरणीत मोटारी, तराजू, हातोडे, सगळ्यांची पूजा झाली. कॉम्प्युटरलाही हार चढला. भगवंतरावांना वाटलं, घरच्या संचानं काय पाप केलंय? सायकल मारत जाऊन ते तोही घेऊन आले. सगळ्या फ्लॉप्या पाकिटातून काढून पाटावर मांडल्या आणि एकेकीला हळदकुंकू वाहिलं. फ्लॉपीला एक उघडी फट असते, मशीन तिथूनच आतली चकती वाचतं. कुंकू नेमकं त्या फटीत गेलं. रुमालानं पुसून त्यांनी फ्लॉप्या परत पाकिटात घातल्या.

पुढच्या शनिवारी पडद्यावर बिघाडाची सूचना आली. एक बटण दाबलं की ती जायची आणि काम पुढं सरकायचं. भगवंतराव दर शनिवारी ते बटण दाबत गेले. नक्कल परत वाचता येते का, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायची भीती वाटत होती.

मार्चात मशीन बसलं. नागपूरच्या मेकॅनिकनं दोन्ही संच लावून पाहिले आणि हात झटकले. वर्षभराची हजेरी गेली.

रामाकोन्याहून येऊन धागा जोडणारी प्रमिला त्याच महिन्यात कायम व्हायची होती. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम, आणि तिचे कधीच भरले होते. मॅनेजरला आयतंच फावलं. रेकॉर्ड नाही तर दिवसही नाहीत, असं त्यानं सांगून टाकलं.

भगवंतराव त्याच्यासमोर उभे राहिले. “साहेब, चूक माझी आहे. पण ही बाई रोज येत होती. हजेरी मीच लावली.”

“कागद दाखवा,” मॅनेजर म्हणाला.

कागद कुठला दाखवणार? बाहेर प्रमिला थांबली होती. भगवंतरावांची मान वर होईना.

“काहून जी भाऊ,” ती म्हणाली, “तुमच्या डोळ्यासमोरून त येत होती मी. मशीन इसरली, त मी आलीच नाई का?”

सोमवारी गेटवर कायम झालेल्यांची यादी लागली. तिच्यात प्रमिलाचं नाव नव्हतं. यादी भगवंतरावांनीच टाइप केली होती.