‘कळवतो’ म्हणालो होतो

नव्वदीच्या दशकात मी नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरला होतो आणि रविवारी मुली पाहायला जायचो. लग्न करायचं नव्हतंच. पोहे खायचे, मुलगी, तिच्या बापाची टोपी, भिंतीवरचा भरतकामाचा मोर डोळ्यांत भरून घ्यायचा आणि सोमवारी टपरीवर साग्रसंगीत नक्कल करायची. त्यात मी स्वतःलाही सोडत नसे. स्वतःला हसणारा माणूस दुष्ट कसा असेल, असं सगळ्यांना वाटे. मलाही.

शनिशिंगणापूरचं घर अकरावं. तिथल्या घरांना दारं नसतात, हे माहीत असून विसरलो. बाप पाणी आणायला आत गेला तसा सोबतच्या मित्राला म्हणालो, “बापाचं नाक बघ. पोरीला तेच आलं असेल तर उद्या टपरी गाजली!”

आतल्या खोलीला नुसता पडदा होता. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि ताटली हातातच धरून माझ्यासमोर उभी राहिली.

“बघा नीट. आलंय का?”

मी हसलो. झकास प्रसंग मिळाला, एवढंच मनात आलं. पोहे संपवले. निघताना बापाला म्हणालो, “कळवतो.”

महिन्याभरानं तो कारखान्याच्या गेटवर उभा. “पाव्हणं, दुसरं स्थळ थांबवून धरलंय. व्हय का न्हाई, येवढंच सांगा.”

भोवती आमचं टोळकं होतं. मी म्हणालो, “मामा, माझ्या विचारालाही दार नाही. येईल आत कधीतरी.” टोळकं खिदळलं. तोही हसला, शहरात हसायचं असतं असं वाटून. ते स्थळ वाट बघून गेलं. मी मात्र अशा एकेका घरावर लेख लिहून दिवाळी अंकांत छापून आणले.

आता तोच मित्र म्हणतो, त्या लेखांचं पुस्तक काढू. “अरे, तू स्वतःचीच तर टर उडवलीस! कलावंतानं असंच अलिप्त राहायचं.”

कसला अलिप्त? पोहे मी खाल्ले होते. दुसऱ्यानं बोल लावायच्या आत मीच स्वतःला लावून घ्यायचो, म्हणजे उत्तर द्यायला नको. कशालाच हो म्हणायचं नाही, कशालाच नाही म्हणायचं नाही, याला मी मोकळेपणा समजलो. आणि माझ्या त्या मोकळेपणापायी एक घर महिनाभर ताटकळलं.

“तुझा विनोद आटला,” मित्र म्हणतो.

आटू दे. लेख मी देणार नाही. त्या माणसाला माझ्याकडून एक शब्द हवा होता. ‘नाही’ म्हणालो असतो, तरी तो सुखानं घरी गेला असता.