कुठला आज?

सकाळी फोनवर मेसेज आला, 'आज दुपारी भूकंप होणार. सर्वांनी घराबाहेर पडावे.' वाचता वाचता नाकात करपलेल्या पिठल्याचा वास शिरला.

मी अकरावीत होते तेव्हा हाच मेसेज आबांच्या बटनाच्या मोबाईलवर आला होता. लोहाऱ्याजवळचं आमचं अख्खं गाव भर उन्हात कडुलिंबाखाली येऊन बसलं. आमचं पिठलं चुलीवरच राहिलं. वहिनी ओली बाळंतीण, तिलाही तान्ह्या पोरीसकट बाहेर आणलं. पोर उकाड्यानं लालबुंद झालेली, रडून रडून आवाज बसलेला.

कॉलेजात सरांनी नुकतंच शिकवलं होतं, बातमी आली की आधी विचारायचं, कुणी दिली आणि कधीची? मी आईला म्हणाले, "अगं, ह्याच्यावर तारीखच न्हाय. 'आज' म्हंजी कुठला आज? पोरीला तरी आत घेऊ दे."

आईची धाकटी बहीण त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेली. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तू तवा जल्मली बी न्हवतीस."

मी पोरीला ओढणीनं वारा घालत राहिले. दिवस मावळला, भिंतीची खपलीसुद्धा पडली नाही. तरी कॉलेजातली पोरगी बरोबर बोलत होती, असं कुणी म्हणालं नाही. आईची भीती आता कळते. पण त्या भीतीवर कुणीतरी कुठंतरी बसून मजा मारली, हा संताप अजून उतरत नाही.

सकाळचा मेसेज त्याच तान्ह्या पोरीनं पुढं पाठवलाय. दहावीला आहे आता. खाली तिनं लिहिलंय, 'आत्या, आजच आहे. लवकर बाहेर ये.'